आमच्या आयांची नावं करारात लिहा : साखर कारखान्यांच्या संचालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
राज्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने

स. न. वि. वि.

2003 सालचा जानेवारी. उसाच्या फडात ट्रक भरत होता, रात्रीचे दोन-अडीच वाजले असतील. आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढत होती. दव पडून फळी निसरडी झालेली. तिचा पाय सटकला आणि ती मोळीसकट खाली आली. मांडीचं हाड मोडलं. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, खाली उभी राहून पुढची मोळी तिच्या डोक्यावर द्यायला थांबले होते.

दोन दिवसांनी वडील आमची टोळी नेणाऱ्या मुकादमाला घेऊन कारखान्याच्या शेतकी खात्यात गेले. दवाखान्याच्या खर्चाला काही मिळतं का, एवढंच विचारायचं होतं. मीही सोबत होते. तिथल्या कारकुनाने टोळीचा करार काढला. वर मुकादमाचं नाव, गाव, ट्रकचा नंबर, उचलीची, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांची रक्कम आणि त्याखाली लिहिलेलं : कोयते 14. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, कागद आमच्याकडे फिरवला आणि म्हणाला, "दादा, यात बाईचं नाव कुठंय? इथं नुसते कोयते लिहिलेत." नाव वडिलांचंही नव्हतं. चौदा कोयते म्हणजे अठ्ठावीस माणसं, आणि त्यांपैकी एकाचंही नाव त्या कागदावर नव्हतं.

कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. तसा कागद त्या काळी तुमच्यापैकी कुणाकडेही सापडला असता. मुकादमाच्या वहीत तो हिशेब आजही तसाच चालतो, म्हणून हे पत्र.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे. पण पत्र उघडं आहे, शहरातली माणसंही वाचतील, म्हणून सांगते. आमच्याकडे एक कोयता म्हणजे एक जोडी, नवरा आणि बायको. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. गावात दसऱ्याच्या आधी एकमेकांना विचारतात, "औंदा किती कोयते निघाले?" उचल कोयत्यावर ठरते आणि ती पुरुषाच्या हातात पडते. जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडते, साळते, बांधते, वाहते. मजुरी टनावर, म्हणजे कोयत्याच्या नावावर. त्यातली निम्मी कुणाची, हा प्रश्न त्या वहीत उभाच राहत नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. त्यासाठी कोयता बंद ठेवून भांडलेल्यांत बायकाही होत्या. वाढ झाली ती मात्र कोयत्याची झाली.

आता त्या हत्याराबद्दल. आमच्या घरी दोन कोयते होते. गावचा लोहार जुन्या पाट्याचं पोलाद तापवून पातं घडवायचा. मूठ बाभळीची, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, नाहीतर घामाने हात सुटतो. वडिलांचा कोयता जड होता. आईचा जरा हलका, कारण झिजून झिजून पातं अरुंद झालं होतं आणि नवा घ्यायला पैसे पुढच्या वर्षी असायचे. खंडेनवमीला दोन्ही कोयते धुऊन पाटावर ठेवायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत आम्ही निघायचो. फडावर संध्याकाळी सगळ्या कोप्यांसमोर, म्हणजे आमच्या झोपड्यांसमोर, कानस चालायची. खर्र, खर्र असा तो आवाज आणि चुलीवरच्या भाकरीचा वास, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कायमच्या एकत्र बसल्या आहेत.

डाव्या हाताने ऊस धरायचा, कंबरेत पूर्ण वाकायचं आणि जमिनीलगत घाव घालायचा. वरून तोडलं तर बुडखा राहतो. साखर बुडख्यात जास्त, म्हणून शेतकरी ओरडतो आणि तुमचा माणूस कपात लावतो. मग वाढं, म्हणजे शेंडा, तोडायचं, पाचट काढायचं, ऊस मागे टाकायचा आणि पुन्हा वाकायचं. एका दिवसात किती वेळा, हे कुणी मोजलेलं मी पाहिलं नाही. उसाची कूस, म्हणजे बारीक टोचरी लव, मानेत, दंडात शिरते आणि रात्रभर खाजवते. पानाची धार कापते ती वेगळीच. डाव्या हाताच्या बोटांवर आणि डाव्या नडगीवर कोयत्याचे व्रण नाहीत असा तोडकरी आमच्या वस्तीत नाही. माझ्याही करंगळीवर एक आहे.

पुढे आजीने हट्टाने मला गावात ठेवून घेतलं, शाळा पुरी झाली. आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल मुलांना सांगायचं म्हणून वाचत बसले होते. कापसाच्या मळ्यांचे हिशेब कसे ठेवत, याबद्दल काही पानं होती. तिथे गुलाम माणसाला 'हँड' म्हणत, म्हणजे हात. धडधाकट तरुण बाई किंवा बाप्या म्हणजे पूर्ण हात. गरोदर बाई, म्हातारा, दुखणाईत म्हणजे अर्धा हात. कोवळं पोर कामाला लागलं की पाव हात, वाढलं की अर्धा, मग पूर्ण, आणि म्हातारपणी पुन्हा उतरत उतरत पाव. मालक आपल्या मळ्याचा मोठेपणा सांगताना किती हातांचा मळा ते सांगायचा. दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या भातमळ्यांत पूर्ण हाताला दिवसाचं काम साधारण पाव एकर असायचं, अर्ध्या हाताला त्याच्या निम्मं.

पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसले. अर्धा हात. अर्धा कोयता. माझ्या वडिलांना आईच्या अपघातानंतर लोक हेच म्हणत होते : "त्याचा आता अर्धाच कोयता राहिला."

एक गोष्ट आताच स्पष्ट सांगते, कारण संचालक मंडळाच्या बैठकीत कुणीतरी हा आक्षेप घेईलच. आम्ही गुलाम होतो असं मी म्हणत नाही. आम्हाला कुणी विकलं नाही. आईबापापासून तोडून लिलावात उभं केलं नाही. आमची पोरं जन्मतः कुणाच्या मालकीची नव्हती. ज्यांच्यावर ते गुदरलं त्यांच्या दुःखाची बरोबरी करण्याचा मला हक्क नाही. मी बोलते आहे ती फक्त एका सवयीबद्दल. हत्याराच्या नावाने माणूस मोजायची सवय लागली की त्या माणसाचं काय काय दिसेनासं होतं, हे उसाच्या जुन्या मळ्यांत लख्ख दिसतं. तुम्ही उसाचा व्यवसाय करता, म्हणून तुम्ही तो इतिहास वाचावा असं मला मनापासून वाटतं.

1640 च्या दशकापासून बार्बाडोस बेटावर इंग्रज मळेवाल्यांनी ऊस लावला. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या हातात जे पहिलं हत्यार दिलं ते कोयता नव्हता, ते होतं खोरं. रुंद पात्याचं, जड. लागणीच्या आधी सगळ्या रानात चार-पाच फुटांचे चौकोन आखायचे आणि प्रत्येक चौकोनात अर्धा फूट खोल खड्डा काढायचा. माणसं एका ओळीत उभी. सगळ्यांची खोरी एका तालात वर जायची आणि खाली यायची. मागे आसूड घेतलेला माणूस. जो मागे पडेल त्याच्या पाठीवर आसूड. नांगर त्या काळी माहीत नव्हता असं नाही. इंग्लंडमध्ये रोज शेतं नांगरली जात होती. मळेवाल्यांनी तरी खोरंच धरून ठेवलं, कारण माणसं विकत घेतलेलीच होती.

आणि ही खोरी यायची इंग्लंडमधून. न्यूकॅसलजवळ विन्लेटन आणि स्वॉलवेल इथे क्रौली घराण्याचे मोठे लोखंडी कारखाने होते. तिथे वसाहतीच्या नावाने खोरी बनत. बार्बाडोसचं खोरं वेगळं, व्हर्जिनियाचं वेगळं. कुठल्या मातीला किती रुंद पातं लागतं आणि किती वजन लागतं याचा त्या कारखानदारांनी बारकाईने अभ्यास केला होता. नंतर बर्मिंगहॅमच्या बाजूचे कारखाने त्यात उतरले. हत्यार घडवणाऱ्याला हजारो कोसांवरची माती ठाऊक होती, गिऱ्हाईक ठाऊक होतं. ज्या बाईच्या हातात ते जाणार ती मात्र कुणाच्याच वहीत हातापलीकडे नव्हती. आणि ती बाईच होती, हे मुद्दाम सांगते. जमेकासारख्या बेटांवर गुलामगिरीच्या शेवटच्या काळात सर्वांत अवजड काम करणाऱ्या मोठ्या टोळीत बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. कारागिरीची कामं, म्हणजे सुतारकाम, पिंपं बनवणं, काकवी उकळवणं, पुरुषांकडे गेली आणि खोरं बायकांकडे राहिलं.

तोडणीच्या वेळी हातात यायचं ते आखूड, रुंद पात्याचं कोयत्यासारखं हत्यार. त्याच्या पाठीला पाचट ओढायला एक आकडा. 1823 साली विल्यम क्लार्क नावाच्या चित्रकाराने अँटिग्वा बेटावरच्या उसाच्या कामाची चित्रं छापली. त्यातलं तोडणीचं चित्र मी माझ्या आईला मोबाईलवर दाखवलं. माणसं वाकून तोडताहेत, मागे मोळ्या बांधताहेत, गाडी भरताहेत. आई बराच वेळ चित्र लांब-जवळ करत राहिली. मग म्हणाली, "मोळी ढिली बांधलीय, सुटंल." दोनशे वर्षांपूर्वीच्या, सातासमुद्रापलीकडच्या त्या बाईच्या मोळीची तिला काळजी वाटली.

पुढे घाण्यापाशी तर आणखी एक हत्यार असायचं, त्याबद्दल वाचलं तेव्हा झोप उडाली होती. उसाची कांडी रुळांत सारणाऱ्याचा हात आत ओढला गेला तर घाणा लगेच थांबत नसे. म्हणून रुळांशेजारी धारदार कुऱ्हाड टेकवून ठेवत. हात तोडायचा आणि माणूस वाचवायचा. ती कुऱ्हाड कामाच्या साधनांचाच भाग होती, जशी खोरी आणि कोयते.

मालक मेला की त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची. त्यात बैल, खोरी, कढया आणि माणसं एकाखाली एक लिहिलेली असत, प्रत्येकापुढे किंमत. 1833 साली ब्रिटिश संसदेने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला आणि 2 कोटी पौंड भरपाई मंजूर केली. ती भरपाई मालकांना. सुमारे आठ लाख माणसांची वर्गवारी झाली : शेतमजूर, कमी दर्जाचा शेतमजूर, सहा वर्षांखालची मुलं, असे रकाने. रकाना बघून किंमत ठरली. ज्यांनी खोरं चालवलं त्यांना एक पैसाही मिळाला नाही.

तिथून ही गोष्ट आपल्या दाराशी येते. गुलाम सुटले तेव्हा मॉरिशसच्या मळेवाल्यांना माणसं हवी होती. 1834 पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेणं सुरू झालं आणि 1910 पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या बेटावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी, साताऱ्याकडचे मराठी लोकही होते. त्यांचे वंशज तिथे अजून गणेशचतुर्थी करतात, झाकरी नाचतात. त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी दगडांनी भरलेली रानं मोकळी केली आणि ऊस तोडला. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची अशी तिथे रीत होती, तिला 'डबल कट' म्हणत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती तिथे बंद झाली. आमच्याकडे खाडा आहे. पाळीच्या दुखण्याने बाई एक दिवस कोपीत निजली तर मजुरी बुडते आणि वर दंड उचलीत चढतो. कधी कधी तो दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त असतो.

पण त्याच मॉरिशसमधली एक गोष्ट मी या पत्राच्या मुळाशी ठेवली आहे. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ही माणसं उतरत तो आज 'आप्रवासी घाट' म्हणून जपला आहे, 2006 पासून तो जागतिक वारसा आहे. तिथे उतरणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद होत असे. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, गाव, उंची, अंगावरची खूण. बाईचीही वेगळी नोंद, तिचा वेगळा नंबर. 1860 च्या दशकापासून फोटोसुद्धा. ती नोंद काही माणुसकीने ठेवलेली नव्हती. पळून गेला तर धरता यावा यासाठी होती. तरीही ती ठेवली गेली आणि ती दप्तरं आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. मॉरिशसचा मराठी माणूस तिथे जाऊन आपल्या खापरपणजीचं नाव शोधू शकतो आणि कोकणातल्या नाहीतर साताऱ्याकडच्या तिच्या गावापर्यंत पोचू शकतो.

दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारच्या दप्तरात तिचं नाव सापडतं. माझ्या आईने बावीस हंगाम तोडलेल्या उसाच्या दप्तरात तिचं नाव नाही. तिच्या नातवाला कधी वाटलं की आजीने कुठे कुठे काम केलं ते बघावं, तर त्याने कुठे जायचं?

आणि तुम्हाला नोंदी ठेवता येत नाहीत असं तर मुळीच नाही. उलट तुमच्याइतक्या काटेकोर नोंदी फार थोडे लोक ठेवतात. उसाचा एकेक प्लॉट तुमच्याकडे नोंदलेला असतो. गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, आडसाली की सुरू की खोडवा, वाण कोणता. को 86032 या वाणाला स्वतःचा नंबर आहे. ट्रॅक्टरला नंबर आहे. काट्यावर गाडी चढली की वजन किलोपर्यंत संगणकात जातं आणि शेतकऱ्याच्या नावावर पडतं. हे शेतकऱ्याच्या भल्याचं आहे आणि मला त्याचं कौतुक आहे. 1950 साली प्रवरेच्या काठी राज्यातला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला तो सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या वहीतून शेतकऱ्याची सुटका व्हावी म्हणून. त्या शेतकऱ्याला सभासद म्हणून नाव मिळालं, मत मिळालं. त्याच उसाला पहिला हात लावणारी बाई मात्र मुकादमाच्या वहीत अर्ध्या कोयत्यावर राहिली.

नाव नसल्याने काय होतं ते आमच्या घरात झालेलं सांगते. आई चार महिने खाटेवर होती. हंगाम अर्धवट सुटला, उचल फिटली नाही, बाकी पुढच्या वर्षावर गेली. पुढच्या वर्षी वडिलांचा अर्धा कोयता, म्हणून उचल निम्मी आणि बाकी तर पूर्ण. मुकादम म्हणाला, पोराचं लगीन करा, कोयता लागंल. माझा भाऊ तेव्हा सतरा वर्षांचा होता, नवरी पंधराची. त्यांचं लग्न दिवाळीआधी आठ दिवसांत उरकलं आणि ती दोघं हळदीच्या अंगाने फडात गेली. जोडी पुरी झाली, हिशेब बसला. बालविवाहाच्या विरोधात भाषणं होतात तेव्हा आईबापांना अडाणी म्हणतात. पण ज्या हिशेबात एकटा पोरगा अर्धा धरला जातो आणि लग्न झालं की पूर्ण, त्या हिशेबाबद्दलही कुणीतरी बोलायला हवं.

2019 साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यात 82,309 महिला ऊसतोड कामगारांची पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. आमच्या वस्तीतल्या बायका त्या आकड्यात आहेत, त्यांपैकी तिघींना मी रोज भेटते. कुणी तिशीच्या आत, कुणी दोन लेकरांनंतर. फडावर संडास नाही, पाणी नाही, मोळी पस्तीस-चाळीस किलोची, खाड्याची भीती आणि दुखण्यावर डॉक्टरने सांगितलेला एकच उपाय. त्यानंतर खूप चर्चा झाली. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालं. टनामागे दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे ठरले, तेवढेच सरकारने. ओळखपत्रं द्यायला सुरुवात झाली. हे सगळं झालं त्याबद्दल मी आभारी आहे. पण ओळखपत्र गावात मिळतं आणि हिशेब फडात होतो. फडातला हिशेब बदलायचा अधिकार तुमचा आहे.

हत्यार आणि हिशेब या गोष्टी बदलता येतात, याचं एक उदाहरण देते. कॅलिफोर्नियात लेट्यूस आणि बीटच्या शेतांत मेक्सिकन मजुरांना आखूड दांड्याचं खुरपं दिलं जायचं. दांडा दोन फुटांच्या आसपास. त्यामुळे दिवसभर दुमडूनच काम करावं लागे. मजूर त्याला 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे आखूडलं. लांब दांडा दिला तर पीक दुखावेल, असं मालक वर्षानुवर्षं सांगत होते. खरं म्हणजे उभा राहिलेला मजूर मुकादमाला लांबून दिसतो आणि तो विसावा घेतोय हे कळतं, म्हणून त्यांना वाकलेला मजूर सोयीचा होता. मजुरांच्या पाठी चाळिशीतच जात. कामगार नेते सीझर चावेझ स्वतः ते खुरपं चालवून मोठे झाले होते. मजुरांच्या वकिलांनी डॉक्टरांच्या साक्षी काढल्या आणि 1975 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते खुरपं असुरक्षित हत्यार म्हणून बंद झालं. मजूर लांब दांड्याने काम करू लागले. पीक दुखावलं नाही. ब्राझीलमध्ये ऊस तोडणाऱ्याला हातमोजे आणि नडगीचं कवच मालकाने द्यायचं असा नियम आहे. आमच्याकडे कोयतासुद्धा आम्हीच विकत घेतो आणि नडगीला जुन्या साडीची चिंधी बांधतो.

आता मागणी. तोडणीचे करार आणि उचली पावसाळ्याच्या तोंडालाच सुरू होतात, म्हणून यंदाचे कागद छापायच्या आधी ही विनंती तुमच्यापर्यंत पोचावी अशी घाई आहे. करारातला 'कोयते' हा रकाना काढून टाका. त्याजागी तोडणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा, बाईचं वेगळ्या ओळीत, तिच्या वयासह आणि तिच्या बँक खात्यासह. टनाची मजुरी जोडीत निम्मी-निम्मी करून दोघांच्या खात्यावर टाका. तेवढं सॉफ्टवेअर तुमच्याकडे आहेच, शेतकऱ्याचं बिल तुम्ही तसंच टाकता. वय लिहिलं की पंधरा वर्षांची नवरी त्या कागदावर येऊ शकणार नाही. हे मला सगळ्यांत आधी हवं आहे.

खाड्याचा दंड बंद करा. मुकादमाशी करार करताना ती अट घाला आणि ती मोडली तर त्याचं कमिशन अडवा. मुकादमही बहुतेक आमच्यातलेच आहेत, कधीकाळी कोयता धरलेले. उचल बुडाली तर त्यांच्याही घरावर जप्ती येते, हे मी पाहिलं आहे. म्हणून सगळा दोष मी त्यांच्यावर टाकत नाही.

ट्रक भरायला फळीऐवजी पायऱ्यांची, कठडा असलेली शिडी द्या, रात्री उजेड द्या. जिथे मोळी यंत्राने उचलता येते तिथे ती बाईच्या डोक्यावर देऊ नका. हातमोजे, नडगीचं कवच आणि चांगल्या पोलादाचा, हाताला बसेल अशा मुठीचा कोयता कारखान्याने द्यावा, बाईचा बाईच्या हाताच्या मापाने. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत. त्यांना हे काम सांगा आणि फडातल्या बायकांना विचारून करायला सांगा. आता तोडणीची यंत्रं येत आहेत, पुढे हे कामच राहणार नाही, असं कुणी म्हणेल. येऊ देत. पण ज्या बायका आज वाकलेल्या आहेत त्यांची पाठ यंत्र येईपर्यंत थांबणार नाही. आणि यंत्र आल्यावर कामावरून कोण गेलं हे सांगायलाही नावं लागतील.

नावं गोळा करायला माणसं नाहीत असं म्हणू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मोकळी असते. आमच्या गावातून दरवर्षी सव्वाशेच्या आसपास कोयते जातात, घरं सगळी ओळखीची आहेत. नमुना तुम्ही पाठवा, मी आणि माझ्याबरोबरच्या दोन शिक्षिका दारोदार जाऊन भरून देऊ. सुरुवात आमच्याच घरापासून करीन. भाऊ आणि वहिनी यंदाही जाणार आहेत. आई आता जात नाही, मांडी अजून दुखते. पण जुन्या हंगामांसाठी एखादा रकाना ठेवलात तर तिचं नाव मला त्यात लिहायचं आहे, बावीस वर्षांसकट.

आपली नम्र,
बीड जिल्ह्यातली एक प्राथमिक शिक्षिका